मावशींच्या तापाचा पगार

सप्टेंबर २०२० मधली सकाळ. पुण्यात साथ ऐन भरात होती. मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मावशी ओट्याकडे तोंड करून घाईघाईनं गोळी गिळत होत्या. मला पाहून त्यांनी क्रोसिनची पट्टी कमरेच्या बटव्यात सरकवली. “काही नाही ताई, जरा अंग कसकसतंय.” कधीपासून? “परवापासून.” आणि परवापासून त्या माझ्या आईला भरवत होत्या, कुशीवर वळवत होत्या, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन “आजी, आ करा” म्हणत होत्या. आई तेव्हा ८१ वर्षांची. अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेली, सोबतीला मधुमेह.

मी भडकले. लपवलंत कसं, असं विचारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात कालनिर्णयच्या मागच्या पानावरच्या दोन फुल्या आठवल्या. ऑगस्टमध्ये मावशींच्या मुलीला ताप होता म्हणून त्या दोन दिवस आल्या नव्हत्या. दुधाचे खाडे मांडतो तसे मी त्यांचे खाडे मांडले होते आणि महिनाअखेरीला दोन दिवसांचे पैसे कापून उरलेले हातावर ठेवले होते. हिशेब चोख. मावशींनी तो मुकाट्यानं मोजून घेतला आणि त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला: या घरात आजाराला पैसे पडतात.

सुदैवानं तो करोना निघाला नाही. तपासणी केली, साधा ताप होता, चार दिवसांत उतरला. म्हणून तर मी ही गोष्ट मोकळेपणानं सांगू शकते. उलटं झालं असतं तर मी आयुष्यभर मावशींना दोष दिला असता आणि त्या दोन फुल्या सोयीस्करपणे विसरले असते.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस, लहान मूल किंवा दीर्घ आजारी रुग्ण आहे आणि त्याला सांभाळायला बाहेरून कुणी येतं, त्या सगळ्यांना माझं हे सांगणं आहे. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आपणही सॅनिटायझरच्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. पण घरात येणाऱ्या मावशींशी आपला व्यवहार मार्च २०२० मध्ये जसा होता तसाच, तोंडी आणि खाड्यांचा, चालू आहे. पुढची साथ कधी येईल ते येवो, हा व्यवहार आधी नीट करून ठेवा. साथीच्या धांदलीत तो होत नाही, हे मी अनुभवलं आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण गाडं तिथंच अडतं. आम्हाला बारा तासांच्या ड्युटीचे महिन्याला १५,००० रुपये पडत. ज्या ब्युरोनं मावशींना पाठवलं होतं त्याचं कमिशन वजा जाता त्यांच्या हातात १२,५०० उरत, म्हणजे दिवसाला साधारण ४१७ रुपये. विलगीकरण तेव्हा चौदा दिवसांचं होतं. चौदा दिवस त्यांना घरी बसवून पुरा पगार दिला असता तर ५,८०० च्या आसपास गेले असते. आता दुसरं पारडं बघा. २१ मे २०२० ला राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांच्या करोना उपचारांच्या दरांवर मर्यादा घातली. साध्या वॉर्डाला दिवसाचे ४,०००, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. हे सरकारनं आवळलेले दर, शिवाय पीपीई किट आणि महागडी औषधं वेगळी. मावशींचा पंधरवड्याचा पगार आईच्या अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाहूनही कमी होता. आणि मी कापले किती? दोन दिवसांचे ८३४ रुपये.

“भरपगारी आजारपणाची रजा” म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या पडतात, जणू कुणी देणगी मागायला दारात उभं आहे. मला ती औषधासारखी वाटते, आणि औषध मावशींइतकंच आपल्या माणसाचं आहे. घरी राहिलं तर चूल पेटणार नाही, अशी ज्याची स्थिती आहे तो माणूस ताप लपवणारच. तुम्हीही लपवला असता.

साथीच्या काळात जगभर हेच घडलं. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलँड गावी वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात साथ भडकली आणि अनेक वृद्ध गेले. तिथल्या साथरोग तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या: कर्मचारी लक्षणं असताना कामावर येत होते आणि काही जण एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते. शेजारच्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं मार्चअखेरीला हुकूम काढला की वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी एकाच ठिकाणी काम करावं. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. एकच जागा धरली तर पोट भरायला हवं, म्हणून सरकारनं पैसे घालून कमी पगाराच्या जागांचा पगार वर आणला.

आपल्याकडे असलं काही झालं नाही. पेशंट सांभाळणारी बाई सरकारच्या एकाही रकान्यात बसत नव्हती. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयानं टाळेबंदीत पगार कापू नका असा आदेश काढला. तो उद्योगांना, दुकानांना, व्यापारी आस्थापनांना होता. त्या यादीत घर नव्हतं, आणि १८ मेपासून तो आदेशच मागे घेतला गेला. मुंबईची लोकल १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी, ओळखपत्र पाहून. दिव्याहून किंवा नालासोपाऱ्याहून दादरला आजोबांचं डायपर बदलायला येणाऱ्या बाईकडे कसलं आलंय ओळखपत्र! सर्व महिलांना लोकलची दारं उघडली ती २१ ऑक्टोबरला, तीही ठरावीक वेळांत. मधले चार महिने कुणी एसटीच्या रांगेत तास तास उभ्या राहिल्या, कुणी घरीच बसल्या.

लसीचं तर सांगूच नये. दवाखान्याच्या यादीत नाव असलेल्यांना १६ जानेवारी २०२१ पासून लस मिळू लागली. साठीपुढच्यांना १ मार्चपासून. आमच्या आईला मार्चमध्ये मिळाली, खुर्चीवर बसवून नेली. तिला नेताना ज्यांनी दोन्ही काखांत हात घालून उचललं, त्या मावशी तेव्हा चाळिशीच्याही आतल्या. त्यांचा वयोगट १ मेला खुला झाला आणि १२ मेला राज्यात लसींच्या तुटवड्यामुळे बंदही पडला. जिचा श्वास दिवसातून वीस वेळा आईच्या चेहऱ्यावर पडतो, ती सगळ्यात शेवटच्या रांगेत. केंद्रावरच्या माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, “त्यांना आरोग्य कर्मचारी असल्याचं पत्र आणा.” कुणाचं आणायचं? माझं?

तर आता कामाचं.

एक कागद करा. वकील नको, स्टॅम्प पेपर नको. वहीचं पान चालेल. मावशींना समोर बसवून, दोघींनी मिळून लिहा. कामाचे तास किती, पगार किती आणि कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणती. (सुट्टी हवीच. तीस दिवस रोज बारा तास माणूस वळवणाऱ्या बाईची कंबर तुमच्या आईच्या कंबरेआधी जाते.) त्याखाली आजारपणाची ओळ स्वच्छ लिहा: ताप, खोकला, जुलाब असेल तर यायचं नाही, फोन करायचा, वर्षाला दहा दिवसांपर्यंत पैसे कापले जाणार नाहीत, आणि साथ असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस. कागदाच्या दोन प्रती. एक फ्रिजवर, एक मावशींच्या पिशवीत.

दहा दिवसांचे ४,१७० रुपये होतात. महिन्याला साडेतीनशे. टीव्ही, इंटरनेटच्या बिलात जातात त्याहून कमी. ज्या कारखान्यांना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू आहे तिथल्या कामगाराला आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. घरात काम करणाऱ्या बाईला ईएसआय नाही. त्या तुलनेत आपले दहा दिवस फारच थोडे आहेत, हे लक्षात असू द्या.

मला माहीत आहे, हे वाचणारे काही जण मनात म्हणत असतील: आमची पेन्शन १८,००० ची, त्यातले १५,००० ब्युरोला जातात, आम्ही कुठून आणू? तुमचं खरं आहे. काळजी घेणाऱ्या बाईला नेमणारं प्रत्येक घर बंगलेवाल्यांचं नसतं. कित्येक घरांत मुलगी स्वतः नोकरी टिकवायला म्हणूनच आईसाठी बाई ठेवते आणि तिच्या पगाराचा निम्मा भाग त्यातच जातो. अशा घरानं पुरा पगार देता येत नसेल तर निम्मा द्यावा, पण तो आधी बोलून, लिहून ठेवावा. महिनाअखेरीला कळणारा निम्मा आणि आधी ठरलेला निम्मा यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. आधी ठरलेल्या निम्म्याच्या भरवशावर ती ताप आल्यावर घरी राहू शकते.

दुसरा मार्ग आपल्याला चांगला माहीत आहे, फक्त या कामी कुणी वापरत नाही. भिशी. एका इमारतीत वीस घरांनी महिन्याला दोनशे रुपये टाकले तर वर्षाला ४८,००० जमतात. मावशींच्या दरानं हा सुमारे ११५ दिवसांचा आजारपणाचा पगार झाला, त्या इमारतीत येणाऱ्या सगळ्या बायकांत मिळून. गणपतीची वर्गणी आपण याहून जास्त काढतो. वर्गणीला माझा विरोध नाही, सजावट समितीत मी स्वतः असते.

इमारतीचा विषय निघालाच आहे तर गेटबद्दल बोलते. २०२० च्या उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांनी बाहेरच्या बायकांना बंदी केली आणि त्याच गेटमधून पार्सलवाले, एसी दुरुस्तीवाले, सभासदांचे मित्र ये-जा करत राहिले. साथ काही हातातली पिशवी पाहून येत नाही. नियम करायचा तर मास्कचा, हात धुण्याचा, लक्षणांचा करा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. आणि एकट्या राहणाऱ्या आजोबांची बाई अडवण्याआधी समितीच्या सेक्रेटरीनं दोन दिवस जाऊन त्या आजोबांना आंघोळ घालून पाहावी.

आता मी स्वतः ज्यात सपशेल नापास झाले होते ते सांगते. मावशींना घरी राहा म्हणणं सोपं, पण मग आईला कोण बघणार? मला तिला वळवतासुद्धा येत नव्हतं. ज्या घरात फक्त बाईलाच सगळं येतं, त्या घराला तिची रजा परवडतच नाही, पैसे कितीही असोत. मग ब्युरो ‘बदली’ पाठवतो. ही बदली बाई सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या घरी असते. इतर वेळी ती देवदूत, साथीत मात्र किर्कलँडचा तोच प्रश्न तिच्यासोबत जिना चढतो. त्यात तिचा दोष नाही. कुणी तिला एका जागी पगार देत नाही म्हणून ती दहा दारं हिंडते.

म्हणून शिकून घ्या. मावशी बऱ्या होऊन परत आल्या तेव्हा मी त्यांची शिष्या झाले. माणूस ओढायचा नसतो, वळवायचा असतो, हा पहिला धडा. पाठीखाली आडवी दुमडलेली चादर घालून ठेवायची, त्या चादरीला धरून दोघांनी सरकवायचं, म्हणजे कातडी घासत नाही आणि आपली कंबरही वाचते. वळवताना पलीकडचा गुडघा आधी वाकवायचा, मग खांदा आणि कंबर एकदमच आपल्याकडे आणायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं. लाली दिसली आणि बोटानं दाबूनही ती फिकी झाली नाही, तर बेडसोरची सुरुवात समजायची. भरवताना डोकं आणि पाठ उंच, घास छोटा, आधीचा घास गिळला हे गळ्याकडे बघून ताडायचं, मगच पुढचा. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाकातल्या नळीचं, कॅथेटरचं काम मात्र स्वतःच्या मनानं करू नये, ते नर्सकडूनच शिकावं.

हे आठवडाभर केल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक, माझ्या हातांनाही हे जमतं. दुसरी, ४१७ रुपये फार कमी आहेत. घरातल्या पुरुषांनीही शिकावं हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. माझा भाऊ महिन्यातून एकदा आईला भेटायला येई, सफरचंदं घेऊन.

आपण मावशींकडून जो प्रामाणिकपणा मागतो तो आपणही द्यायला हवा. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर कित्येक घरांनी ब्युरोला कळवलंच नाही, कारण कळवलं तर बाई येणार नाही. मुलगा आतल्या खोलीत खोकतोय, दार बंद, आणि बाहेर बाईला सांगायचं की त्याचं ऑफिसचं काम चाललंय. ही बाई संध्याकाळी जाते कुठे? आमच्या मावशी पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत राहतात. एका खोलीत पाच माणसं, संडास सार्वजनिक. विलगीकरण कोणत्या कोपऱ्यात करायचं? साथ झोपडपट्टीतून सोसायटीत येते असं आपण धरून चालतो. मार्च २०२० मध्ये पुण्यात पहिले रुग्ण सापडले ते परदेशातून विमानानं आलेले होते, हे सोयीनं विसरतो. तेव्हा कागदावर ही ओळही घाला: आमच्या घरात कुणाला लक्षणं दिसली तर आम्ही त्याच दिवशी सांगू, येणं न येणं तुमच्या मर्जीवर, नाही आलात तरी काम जाणार नाही, आणि आमच्या घरून लागण झाली तर औषधपाणी आमच्याकडे.

ब्युरोला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण पैसे भरण्याआधी विचारा. आमच्याकडून घेता त्यातले बाईला किती देता? ती आजारी पडली तर तिला काय मिळतं? तिची मूळ कागदपत्रं तुमच्या ताब्यात आहेत का? असतील तर ती परत करायला सांगा, कुणाचं आधार कार्ड कुणी तारण ठेवायचं नसतं. चांगले ब्युरो उत्तर देतात. जो चिडतो त्याच्याकडून बाई घेऊ नका, कारण उद्या तुमची तक्रार आली की तो तुमच्यावरही असाच चिडेल.

आणखी एका बाईविषयी थोडं. ती पगारावर तुमच्या घरी येत नाही, पण साथीत तुमच्या दारात येते. आशाताई. राज्यात साथीच्या वेळी सुमारे सत्तर हजार आशा होत्या. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्यांनी घरोघर जाऊन ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’, त्यांना पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो. केंद्राचा करोना भत्ता महिन्याला १,००० रुपये होता, दिवसाला तेहतीस. १५ जून २०२१ ला त्या संपावर गेल्या, २३ जूनला सरकारनं १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये करोना भत्ता मान्य केला, तेव्हा परतल्या. संपाच्या बातमीखाली “साथीत संप?” असं तोंड वाकडं करणारे पुष्कळ होते. मला विचाराल तर साथीतच. एरवी कोण ऐकतं? तुम्ही एवढं करा: आशाताई आली की दार उघडा, बसायला खुर्ची द्या, पाणी विचारा, खरं उत्तर द्या. आणि त्या मोर्चा काढतील तेव्हा रहदारीबद्दल कुरकुरू नका.

आता हा पुढचा मजकूर मावशींना वाचून दाखवा, किंवा त्यांच्या हाती द्या.

मावशी, तुम्हाला सांगते. राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे आणि त्याखाली कल्याण मंडळ आहे. वय १८ ते ६० मध्ये असेल तर कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून नाव नोंदवा. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत सरकारनं घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांना. ज्यांनी नोंदणी नूतन केली नव्हती त्या बघत राहिल्या. नोंदणीसाठी मालकाचा दाखला मागतात, तो मागायला लाजू नका. ई-श्रम कार्डही काढा, त्याची नोंदणी फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका. पगार शक्य तर बँकेत घ्या, रोख घेतला तर वहीत लिहून सही घ्या. ज्या घरात तुम्ही काम करता ते घर २०१३ च्या कायद्यानं तुमचं कामाचं ठिकाण आहे. तिथं कुणी अंगचटीला आलं, वाईट बोललं, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तीन महिन्यांच्या आत. आणि एकट्या राहू नका. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी कामं बंद ठेवून रस्त्यावर येऊन दाखवलं, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तेव्हाही लोक हसले असतील, पण भांडी त्यांनाच घासावी लागली.

आणि मालकांनो, तो दाखला द्या. “उद्या ती कोर्टात जाईल” ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली. दाखल्यानं तुम्ही एवढंच म्हणता की ही बाई माझ्याकडे काम करते. ते खरं आहे ना?

घराघरांतल्या कागदांनी सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं आणि आजवर त्याला मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं सांगितलं. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: पेशंट सांभाळणाऱ्या बाईचं नाव पुढच्या साथीत लसीच्या पहिल्या यादीत असेल का, आणि तिच्या आजारपणाचा पगार ईएसआयसारख्या एखाद्या निधीतून मिळेल का? मालकानं थोडं घालावं, ब्युरोनं कमिशनातून घालावं, सरकारनं घालावं. हा प्रश्न कामगार म्हणून तिचा आहे आणि तिच्या जिवावर नोकरीला जाणारी लेक, सून म्हणून तुमचाही आहे. आजवर आपण दोघींनी तो एकमेकींशी घासाघीस करून सोडवायचा प्रयत्न केला. तिसरा, म्हणजे सरकार, ज्यानं पैसे घालायला हवेत, तो बाजूला उभा राहून बघतो आहे.

आई २०२२ च्या दिवाळीनंतर गेली, वयानं, झोपेत. शेवटपर्यंत पाठीला एक जखम नव्हती. तेराव्यानंतर मावशी सामान न्यायला आल्या तेव्हा फ्रिजवरच्या कागदाचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. मूळ कागद घेऊन जा म्हटलं, तर म्हणाल्या, “नको, तुमचं अक्षर आहे, नवीन लोक म्हणतील कुणाचं.”

पंधरा दिवसांनी सिंहगड रोडवरच्या एका घरातून त्यांचा फोन आला. आवाज दबका, बहुतेक गॅलरीत उभ्या होत्या. “ताई, आजोबांना बघायचंय. तास, पगार, रविवारची सुट्टी, सगळं कबूल म्हणतात. फक्त आजारपणाची ओळ नको म्हणतात. तुम्ही काय म्हणता, घेऊ का?”

“घरात कोण आहे आत्ता?” मी विचारलं. “सूनबाई आहेत,” त्या म्हणाल्या.

“त्यांच्याकडे फोन द्या.”